संगणकाचा पोटमाळा

रविवारची सकाळ होती. आमच्या वस्तीतले एक गृहस्थ आपल्या मुलाला पुढे घालून आमच्या दारात उभे राहिले.

"जयभीम भाऊ. जरा या पोराचं ऐकून घ्या. दुकानवाला म्हणतो मशीन बदला. आता एवढा पैसा आणायचा कुठून?"

हे गृहस्थ एका इमारतीवर रात्रपाळीचे रखवालदार आहेत. वहिनी घरी ब्लाउज शिवतात. मुलगा बारावी झाल्यावर लग्नाच्या शूटिंगवाल्याच्या हाताखाली लागला. दिवसा कॅमेरा धरतो आणि रात्री घरच्या जुन्या संगणकावर व्हिडिओ जोडून देतो. घरखर्चाला त्याचा चांगला हातभार लागतो. पण संगणक भरला होता. पडद्यावर जागा दाखवणारी पट्टी लालभडक झाली होती आणि पुढच्या आठवड्यात दोन लग्ने होती.

"काका, मी जुन्या लग्नांचं शूटिंग पुसून टाकणार होतो," मुलगा खाली मान घालून म्हणाला. "पण आई नको म्हणते."

वहिनींचे म्हणणे त्याने सांगितले, ते आम्हांला मोलाचे वाटले. त्या म्हणाल्या होत्या, "लोकांच्या आठवणी आपल्या भरवशावर ठेवल्यात. उद्या कोणी मागायला आलं तर काय तोंड दाखवायचं?"

वाचकहो, हा प्रश्न एका घराचा नाही. ज्या ज्या घरात जुना संगणक आहे, त्या त्या घरात तो आज ना उद्या भरतो. मुलांचे प्रोजेक्ट, मोबाईलमधून उतरवलेले फोटो, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, गुणपत्रिका, सगळे त्याच्यात जाते. मग दुकानदार नवा संगणक सुचवतो. पण आपण असे पाहा. दहा बाय बाराची खोली भरली म्हणून आपले वडील खोली बदलत नव्हते. सुताराला बोलावून पोटमाळा घालून घेत होते. संगणकालाही पोटमाळा घालता येतो. त्याचेच नाव जादा हार्ड डिस्क. हे काम एका पेचकसाने, तासाभरात, घरच्या घरी होते.

आधी आवराआवर

पोटमाळा घालण्याआधी खोली झाडून पाहावी. आम्ही मुलाच्या घरी गेलो आणि प्रथम कचराकुंडी, म्हणजे रिसायकल बिन, रिकामी केली. पुसलेली फाईल तेथेच पडून असते आणि जागा अडवते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. मग डाउनलोड्सची घडी उघडली. तेथे एकच गाणे चार वेळा, एकच चित्रपट दोन वेळा उतरवलेला सापडला. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज' या सदराखाली तात्पुरत्या फाईली काढण्याची सोय आहे, तीही वापरली. एवढ्याने थोडी जागा मोकळी झाली आणि पैसाही लागला नाही. पुष्कळ घरांचे काम एवढ्यावरच भागते.

या मुलाचे मात्र भागणारे नव्हते. हिशोब सोपा आहे. कॅमेरा सेकंदाला ५० मेगाबिट या वेगाने चित्रीकरण साठवत असेल, तर एका तासाला साडेबावीस जीबी जागा लागते. हळद, लग्न आणि पाठवणी मिळून सहा तास धरले तर एका लग्नाचे १३५ जीबी झाले. त्याची डिस्क ५०० जीबीची, तीत तीन लग्नांतच जागा संपणार. म्हणजे दोष मुलाचा नव्हता आणि मशीनचाही नव्हता. जागाच अपुरी होती.

डब्याच्या आत काय असते

आपण ज्याला सीपीयू म्हणतो तो डबा खरे म्हणजे कॅबिनेट. त्याच्या आत हार्ड डिस्क स्क्रूने बसवलेली असते. तिच्यात चकत्या असतात. त्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे फिरतात आणि त्यांच्यावरून एक बारीक टोक माहिती लिहिते व वाचते. टोक आणि चकती यांतले अंतर आपल्या केसाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी असते. म्हणून चालू डिस्कला धक्का सोसत नाही. १९५६ साली आयबीएम कंपनीने पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली. तिच्यात दोन-दोन फूट व्यासाच्या पन्नास चकत्या होत्या आणि कपाटाएवढ्या त्या यंत्रात मावत होते सुमारे पाच एमबी, म्हणजे आजच्या मोबाईलमधले एखाद-दुसरे छायाचित्र. आज त्याच्या लाखो पट माहिती तळहातावर मावते.

दुसरा प्रकार एसएसडीचा. तिच्यात फिरणारे काही नसते, सगळे चिपांवर असते. ती पुष्कळ वेगवान असते, पण तेवढ्याच जागेला पैसे जास्त पडतात. तेव्हा साधा नियम असा की, संगणक सावकाश चालतो ही तक्रार असेल तर लहानशी एसएसडी घ्यावी आणि तिच्यावर विंडोज टाकावे. फक्त जागा हवी असेल तर फिरत्या चकतीची हार्ड डिस्क पुरे. नुसती जागा वाढवल्याने संगणक पळू लागत नाही, हे आधीच समजून घ्यावे, म्हणजे नंतर निराशा होत नाही.

खर्च करण्याआधी चार गोष्टी मोजा

बाजारात जाण्यापूर्वी डबा उघडून पाहावा. वायर भिंतीतून काढावी, सुरू करण्याचे बटण एकदा दाबून सोडावे म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाते, आणि मागचे दोन स्क्रू काढून डाव्या बाजूचा पत्रा सरकवावा. मग कागद घेऊन चार गोष्टी लिहाव्यात.

पहिली, डिस्क बसवायचा रिकामा खण आहे काय. दुसरी, मदरबोर्डवर साटाचे रिकामे तोंड आहे काय. हे तोंड लहान असते, त्यात सात टोके असतात आणि आतली खाच इंग्रजी एल अक्षरासारखी असते. तिसरी, पॉवर सप्लायमधून, ज्याला दुकानात एसएमपीएस म्हणतात, साटाची विजेची वायर मोकळी लोंबते आहे काय. ही पंधरा टोकांची, रुंद असते. चौथी, स्क्रू आहेत काय.

२००३ सालापासून साटाची पद्धत आली. त्यापूर्वीच्या संगणकांत रुंद, चपटी पट्टीसारखी आयडीई केबल असे. तुमच्या डब्यात तेवढी एकच केबल असेल आणि साटाचे तोंडच नसेल, तर तो संगणक फार जुना आहे. त्याच्यावर खर्च करू नये. साटाचे मात्र एक बरे आहे. तिच्या तीन पिढ्या झाल्या, तरी नवी डिस्क जुन्या तोंडावर चालते. चकतीच्या डिस्कला जुन्या तोंडाचा वेगही बहुधा पुरतो.

मुलाच्या डब्यात खण रिकामा होता, पण विजेची वायर मोकळी नव्हती. त्याचा चेहरा पडला. आम्ही त्याला डीव्हीडी ड्राईव्ह दाखवला.

"हा शेवटचा कधी वापरलास?"

"आठवत नाही काका. आता सगळे पेनड्राइव्हवरच मागतात."

झाले. डीव्हीडीची केबल आणि विजेची वायर, दोन्ही डिस्कला लागू पडतात. टेबलावर उभ्या राहणाऱ्या मोठ्या डब्यातला डीव्हीडी बहुधा असाच जोडलेला असतो. कित्येक घरांत तो वर्षानुवर्षे नुसता बसून असतो आणि आपण मात्र नव्या वायरी विकत घेतो. खण रिकामा नसेल तर डीव्हीडीच्या मोठ्या खणात डिस्क बसवण्याची पत्र्याची चौकट मिळते. मदरबोर्डवर तोंडच शिल्लक नसेल तर छोट्या पीसीआय एक्स्प्रेस खाचेत बसणारे साटाचे कार्ड मिळते. पण हा शेवटचा उपाय.

एक सूचना. कार्यालयांतून निघालेले लहान डब्याचे कंपनी संगणक पुष्कळजण स्वस्तात घेतात. त्यांत बहुधा एकच खण असतो आणि वायरीही मोजक्या व निराळ्या असतात. तेथे जादा डिस्कऐवजी आहे ती काढून मोठी बसवणेच सोयीचे पडते. तसेच मदरबोर्डवर एम डॉट टू प्रकारची पट्टीसारखी एसएसडी बसवलेली असेल, तर काही मदरबोर्डांवर साटाचे एखादे तोंड बंद पडते. डिस्क दिसली नाही तर घाबरू नये, दुसऱ्या तोंडात लावून पाहावी.

नवी की जुनी?

खरेदीसाठी मुंबईकरांना लॅमिंग्टन रोड ठाऊक आहे. इतर शहरांतही संगणकाच्या सुट्या भागांची एखादी गल्ली असतेच. भाव सारखा बदलत असतो. २०११ साली थायलंडमध्ये महापूर आला, तेथले कारखाने पाण्याखाली गेले आणि जगभर हार्ड डिस्क महागल्या. म्हणून आम्ही येथे भाव लिहीत नाही, भाव करण्याची रीत सांगतो. किमतीला टीबीने भागावे. समजा एक टीबीची डिस्क चार हजारांना आणि दोन टीबीची सहा हजारांना मिळते, तर दुसरीत टीबीमागे तीनच हजार पडतात. लहान डिस्क स्वस्त दिसते, पण जागेच्या मानाने महाग असते. अर्थात जेवढी लागेल तेवढीच घ्यावी. स्वस्त पडते म्हणून गरजेपेक्षा मोठी घेणे ही बचत नव्हे.

जुन्या डिस्का आणखी स्वस्त मिळतात. त्यांतल्या कित्येक सीसीटीव्हीच्या डब्यांतून निघालेल्या असतात. त्या घरच्या संगणकात चालतात, यात शंका नाही. पण सीसीटीव्ही रात्रंदिवस चालतो. वर्षाचे ८,७६० तास होतात. तीन वर्षे चाललेली डिस्क २६ हजार तासांहून अधिक फिरलेली असते. वरून पुसली की ती नव्यासारखी चमकते.

येथे आम्हांला आमची स्वतःची चूक सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी आम्ही अशीच एक चमकणारी डिस्क घेतली. पैसे वाचले म्हणून खूष होतो. आमच्या आईचे थोडे फोटो स्कॅन करून संगणकात ठेवले होते. ते जागा व्हावी म्हणून त्या डिस्कवर हलवले आणि मूळ जागेवरून पुसले. कागदी फोटो पावसाळ्यात पत्र्याच्या पेटीत पाणी शिरून आधीच खराब झाले होते. तिसऱ्या महिन्यात डिस्कमधून टकटक आवाज येऊ लागला आणि एका सकाळी ती दिसेनाशी झाली. माहिती परत काढून देणाऱ्यांनी जो आकडा सांगितला तो आमच्या ऐपतीबाहेरचा होता. विकणाऱ्याने हात वर केले. पण खरा दोष आमचाच होता. आम्ही डिस्क तपासली नव्हती आणि फोटोंची दुसरी प्रतही ठेवली नव्हती. आईचा विहिरीवरचा हसरा फोटो आता आमच्या डोळ्यांतच आहे.

म्हणून जुनी डिस्क घ्यायचीच तर तपासून घ्यावी. क्रिस्टल डिस्क इन्फो नावाचा कार्यक्रम फुकट मिळतो. तो डिस्क किती तास चालली हे सांगतो. त्यात ०५ क्रमांकाची ओळ पाहावी. खराब झाल्याने बदललेल्या जागा तेथे मोजल्या जातात. सी ५ ही ओळ पाहावी. वाचता न आलेल्या, संशयित जागा तेथे असतात. या दोन्ही ओळींत शून्य असावे. नसेल तर पैसे देऊ नयेत, कितीही स्वस्त असो. दुकानदार तपासू देत नसेल तर दुसरे दुकान गाठावे. घरी आणल्यावर एकदा पूर्ण फॉरमॅट करावा, 'क्विक' नव्हे. त्यात सगळ्या डिस्कवर लिहिले जाते, काही तास लागतात. त्यानंतर पुन्हा त्याच दोन ओळी पाहाव्यात. ज्याच्या हाती पैसा आहे त्याने वॉरंटीची नवीच घ्यावी. मुलाने वडिलांशी बोलून नवी घेतली. दुकानदाराने नव्या मशीनचा जो आकडा सांगितला होता, त्याच्या सातव्या हिश्श्यात काम झाले.

बसवण्याची रीत

डिस्क हातात घेण्यापूर्वी कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावावा. अंगातली स्थिर वीज तेथे उतरते. डिस्क कडेने धरावी, खालच्या हिरव्या पाटीला बोट लावू नये. खणात सरकवून दोन्ही बाजूंनी दोन-दोन स्क्रू लावावेत. मोठ्या हार्ड डिस्कचे स्क्रू जाड आट्यांचे असतात, एसएसडीचे बारीक आट्यांचे. चुकीचा स्क्रू जोराने आवळला तर आटे जातात. एसएसडीला खण मिळाला नाही तर ती दुहेरी चिकटपट्टीने पत्र्याला चिकटवली तरी चालते, कारण तिच्यात फिरणारे काही नाही. हार्ड डिस्क मात्र कधीही लोंबकळत किंवा मोकळी ठेवू नये.

मग दोन केबली लावाव्यात, एक मदरबोर्डकडून आणि एक एसएमपीएसकडून. खाच असल्याने त्या उलट्या बसत नाहीत. बसत नसेल तर जोर करू नये, फिरवून पाहावे.

संगणक सुरू केला की नवी डिस्क लगेच दिसत नाही. येथे पुष्कळजण डिस्क खराब निघाली म्हणून दुकानात परत धावतात. स्टार्टच्या बटणावर उजवी टिचकी मारून 'डिस्क मॅनेजमेंट' उघडावे. नवी डिस्क तेथे काळ्या पट्टीने दिसते. विचारल्यावर 'जीपीटी' निवडावे, कारण जुन्या 'एमबीआर' पद्धतीत दोन टीबीपुढची जागा वापरता येत नाही. मग काळ्या पट्टीवर उजवी टिचकी, 'न्यू सिंपल व्हॉल्यूम', एनटीएफएस, आणि एक अक्षर. काम झाले. फक्त एक सांभाळावे. ज्या डिस्कवर आधीची माहिती आहे तिला चुकूनही फॉरमॅट करू नये. आकारावरून ओळख पटवून घ्यावी आणि मगच टिचकी मारावी. एक टीबीची डिस्क ९३१ जीबी दाखवते. ती फसवणूक नव्हे. कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १,०२४ ने मोजते, एवढाच तो फरक.

नवी डिस्क लागली तरी जुनी आपोआप रिकामी होत नाही. सामान आपणच वर चढवावे लागते. डाउनलोड्स, डॉक्युमेंट्स या घड्यांच्या प्रॉपर्टीजमध्ये 'लोकेशन' असते. तेथून त्या नव्या डिस्कवर हलवाव्यात, म्हणजे पुढचे सामानही तिकडेच जाते.

येथे कंजूसपणा नको

काटकसर चांगली, पण दोन ठिकाणी ती अंगलट येते. जुन्या चार टोकांच्या विजेच्या वायरीला साटाचे तोंड जोडणारा जोड स्वस्तात मिळतो. त्यातला ओतीव प्लॅस्टिकचा, सगळ्या तारा एकाच ठोकळ्यात गाडलेला प्रकार टाळावा. त्यात तारा एकमेकींना चिकटून आग लागल्याची उदाहरणे आहेत. तारा सुट्या दिसणारा, दाबून बसवलेला जोड घ्यावा. दुसरे, काही एसएमपीएसच्या वायरी काढता-घालता येतात. एका कंपनीच्या एसएमपीएसची वायर दुसऱ्या कंपनीच्या एसएमपीएसला लावू नये. ती बसते, पण आतली जोडणी वेगळी असू शकते आणि क्षणात डिस्क जळते. विजेचा भार मात्र फार वाढत नाही. एक हार्ड डिस्क चालताना साधारण सहा ते दहा वॅट घेते.

जागा वाढली म्हणजे माहिती सुरक्षित झाली असे नाही. एकच प्रत असलेली वस्तू आज ना उद्या जाते, हे आम्ही आईच्या फोटोंवरून शिकलो. मुलाला आम्ही सांगितले की, प्रत्येक लग्न दोन्ही डिस्कांवर ठेव, निदान ज्यांचे आहे त्यांच्या हाती पोहोचेपर्यंत. आणि घरचे दाखले, गुणपत्रिका, जुने फोटो यांची तिसरी प्रत एका पेनड्राइव्हवर करून मावशीच्या घरी ठेव. एकाच डब्यातल्या दोन डिस्का एकाच विजेच्या झटक्याने जाऊ शकतात, एकाच चोराच्या हाती लागू शकतात. दाखल्यांना जागा लागते ती किती? सगळ्या घराचे दाखले एका लहानशा पेनड्राइव्हवर मावतात. पण ऐन प्रवेशाच्या वेळी ते सापडले नाहीत तर मुलाचे वर्ष जाते.

दुपारी बारा वाजता आम्ही पत्रा लावला. पट्टी लालाची निळी झाली. वहिनी शिलाईचे मशीन थांबवून पाहायला आल्या.

"आता पुसावं नाही ना लागणार?" त्यांनी विचारले.

"नाही वहिनी. पण भरेल पुन्हा. तेव्हा आधी झाडायचं, मग मोजायचं, मग बाजारात जायचं."

गृहस्थांनी खिशातली वही काढली आणि तारीख घालून खर्च लिहिला. डिस्क, एक केबल जास्तीची, चार स्क्रू. मुलाने पांढऱ्या कागदाची चिठ्ठी करून डिस्क बसवल्याची तारीख डब्याच्या आतल्या बाजूला चिकटवली. हे आम्ही सांगितले नव्हते, त्याला आपणहून सुचले. डिस्क किती जुनी झाली हे पुढे त्यावरून कळेल आणि ती टकटक करू लागण्याआधीच बदलता येईल.

वाचकहो, येत्या रविवारी आपणही एवढे करा. काही विकत घेऊ नका. वायर काढा, पत्रा सरकवा आणि मुलांना जवळ बसवून त्या चार गोष्टी मोजा. मग आपल्या घरातल्या कोणत्या वस्तूची एकच प्रत आहे, ते वहीत लिहून काढा. ती यादी हातात आली की किती जागा घ्यायची हे दुकानदाराला विचारावे लागणार नाही.